कंपनाचे यंत्र आणि त्याची उसनी नावे

वसई-विरार पट्ट्यात ‘व्हायब्रेटर’ हा शब्द रोज उच्चारला जातो आणि तो उच्चारताना कोणी आवाज खाली आणत नाही, कारण बांधकामाच्या जागेवर त्याचा अर्थ स्लॅब भरताना ओल्या मालात बुडवली जाणारी ‘निडल’ असा असतो. २००९ साली ज्याची महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे नोंदली गेली, अशा या शहरात सेंट्रिंगवर उभा राहून जाड रबरी नळी सळयांच्या जाळ्यात सोडणारा कामगार हे इतके सवयीचे दृश्य आहे, की त्या यंत्राच्या नावाकडे वेगळे लक्ष जात नाही. हाच शब्द इमारत पूर्ण झाल्यावर तिच्यातल्या एखाद्या घरात उच्चारला गेला, तर मात्र त्याचा अर्थ बदलतो आणि बोलणे थांबते. स्त्री-पुरुषांच्या कामसुखासाठी वापरले जाणारे छोटे विद्युत उपकरण हा त्याचा दुसरा अर्थ असून, प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्या उपकरणाच्या शोधाचा इतिहास हा आहे. हे उपकरण जन्मापासून दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने वावरत आले, आणि त्याला त्याच्या नावाने संबोधण्याचे टाळल्यामुळे त्याच्याविषयीचे खरे कमी व रचलेले अधिक पसरत गेले.

दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच आहे. फिरणाऱ्या दांड्यावर एखादे वजन बरोबर मध्यभागी न बसवता एका बाजूला सरकवून बसवले, तर ते फिरताना दांड्याला क्षणोक्षणी वेगवेगळ्या दिशेला ओढते आणि सगळे यंत्र थरथरू लागते. अशा वजनाला उत्केंद्री, म्हणजे केंद्रापासून ढळलेले, वजन म्हणतात. ही ओढ वजनाच्या आणि त्याच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, पण फिरण्याच्या गतीच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे गती दुप्पट केली की ओढ चौपट होते. त्यामुळे जड यंत्र न वापरता केवळ वेगाने फिरणारी लहानशी मोटर मोठे कंपन निर्माण करू शकते. काँक्रीटमधील निडल मिनिटाला दहा-बारा हजार कंपनांपर्यंत जाते, त्या कंपनाने खडी, वाळू व सिमेंट यांच्यातील घर्षण काही क्षण नाहीसे होऊन माल द्रवासारखा वाहू लागतो आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. निडल नीट न मारलेल्या कॉलममध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके राहतात. काँक्रीटला कंपन देण्याचे हे तंत्र फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने याने पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आणले, म्हणजे मानवी शरीरासाठीचे कंपनयंत्र हे बांधकामाच्या कंपनयंत्राहून वयाने मोठे आहे. अनेक मोबाइल फोन खिशात थरथरतात तेही अशाच उत्केंद्री वजनामुळे.

शरीराच्या बाजूने पाहिले, तर त्वचेच्या खोल थरात कांद्याच्या पाकळ्यांसारखी रचना असलेली सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात. त्यांचे वर्णन फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात केले आणि त्यांना त्याचेच नाव मिळाले. सेकंदाला सुमारे २५० कंपने असतील तेव्हा ती सर्वाधिक जागरूक असतात. मानवी हात सेकंदाला जेमतेम काही वेळाच हलू शकतो, त्यामुळे या ज्ञानेंद्रियांना जागे करणारे वेगवान कंपन बोटांनी निर्माण करणे अशक्य आहे आणि इथेच यंत्राचा प्रवेश होतो. मात्र कंपनाच्या मात्रेचा प्रश्नही आहेच. दगड फोडण्याची हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या कामगारांची बोटे रक्तपुरवठा आकसून पांढरी पडतात, हे अमेरिकी डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली दाखवून दिले होते, आणि बांधकामावर कंपनयंत्रे हाताळणाऱ्यांच्या हातमोज्यांचा विचार आजही तितका होत नाही, जितका व्हायला हवा.

कंपनयंत्राचा आरंभ कामसुखाशी जोडलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग याने व्यायाम, मर्दन आणि अवयवांच्या ठरावीक हालचाली यांवर आधारलेली उपचारपद्धती रूढ केली होती; तिला ‘स्वीडिश हालचाल-उपचार’ म्हटले जाई. ती परिणामकारक वाटली तरी मर्दन करणारा माणूस थकतो, हा तिचा दोष होता. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज टेलर यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनावर चालणारे ‘मॅनिप्युलेटर’ नावाचे यंत्र तयार केले, त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर याने व्यायामाच्या यंत्रांची मालिकाच उभारली. टेलरचे यंत्र एका मोठ्या टेबलाच्या आकाराचे होते आणि रुग्णाने त्याच्यावर पडून राहायचे होते. अशा यंत्राला घरात जागा नव्हती.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को याचा प्रयोग याहून मनोवेधक आहे. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन रोगाचे, रुग्ण आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले की काही काळ बरे असतात, असे त्याच्या ध्यानात आले. डब्याच्या हादऱ्यांतच गुण असावा असा तर्क बांधून त्याने थरथरणारी खुर्ची करवून घेतली आणि १८९२च्या सुमारास रुग्णांना दररोज तीत बसवले. त्याचा शिष्य जिल द ला तुरेत याने तर थरथरणारे शिरस्त्राणही बनवले. १८६७ सालीच विरारहून बॅकबेकडे गाडी सुरू झालेल्या या प्रदेशातील वाचकाला, दीड तास उभ्याने लोकलचे धक्के खाणे हा उपचार ठरू शकतो, हे पटणे अवघड आहे. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी शार्कोचा प्रयोग आधुनिक खुर्ची व तुलनागट घेऊन पुन्हा केला, तेव्हा कंपन मिळालेले आणि नुसतेच खुर्चीत आरामात बसवलेले असे दोन्ही गट सारखेच सुधारलेले आढळले, म्हणजे गुण विश्रांतीचा होता.

हातात धरता येईल असे विजेवरचे कंपनयंत्र मात्र लंडनचे डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांचे. त्यांचा सिद्धांत असा होता, की प्रत्येक मज्जातंतूची स्वतःची एक स्वाभाविक कंपनगती असते, वेदना म्हणजे त्या गतीत आलेला बिघाड होय, आणि वाद्याच्या बेसूर तारेला जसे पुन्हा सुरात आणता येते, तसे बाहेरून योग्य गतीचे ठोके देऊन वेदना मोडता येते. १८८०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी बॅटरीवर चालणारा, टोकाला छोटी हातोडी असलेला ‘परक्युटर’ तयार केला आणि १८८३ साली आपल्या उपचाराचे विवरण करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मज्जातंतूंची वेदना, पाठदुखी, बद्धकोष्ठ असे त्यांचे विषय होते. स्त्रियांवर हे यंत्र वापरण्याचे आपण टाळले आहे व पुढेही टाळणार आहोत, असे त्यांनी त्याच पुस्तकात स्पष्ट नोंदवले. कारण, हिस्टेरियाच्या लक्षणांनी आपण फसू आणि इतरांनाही फसवू, अशी त्यांना भीती वाटत होती. ग्रॅनव्हिल यांची ही नोंद ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढे शंभर वर्षांनी त्यांच्याच नावावर नेमके उलट कृत्य चिकटवले गेले.

याच १८८३ साली कामसुखाविषयीचे एक पुस्तक इंग्लंडमध्ये छापले गेले आणि त्याचा धागा थेट नालासोपाऱ्याशी येऊन जुळतो. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे ते पहिले इंग्रजी भाषांतर. मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव नव्हते, प्रकाशनस्थळ म्हणून ‘कॉस्मोपोली’ हे अस्तित्वात नसलेले शहर दिलेले होते, आणि लंडन व काशी येथील ‘कामशास्त्र सोसायटी’साठी, केवळ खाजगी प्रसारार्थ, अशी सूचना छापलेली होती. ही सगळी तजवीज इंग्लंडमधील अश्लीलताविरोधी कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी होती. पुढे हे भाषांतर रिचर्ड बर्टनच्या नावाने जगभर गाजले, परंतु मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी फॉस्टर फिट्झजेरल्ड आर्बथनॉट याच्या पुढाकाराने झालेल्या या कामातील खरा कष्टाचा भाग, म्हणजे काशी, कलकत्ता, जयपूर येथून हस्तलिखिते मिळवून ती ताडून पाहणे, त्यांवरून शुद्ध संहिता तयार करणे आणि तिचे प्रथम भाषांतर करणे, हा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी शिवराम परशुराम भिडे यांच्या साहाय्याने पार पाडला होता.

भगवानलाल मूळचे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेख उतरवले होते आणि नंतर ते मुंबईत वाळकेश्वरला राहत. वसई-विरारकरांना ते ठाऊक असायला हवेत ते १८८२ सालासाठी. त्या वर्षी त्यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या मातीच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा ते टेकाड बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले निरनिराळ्या धातूंचे व स्फटिकाचे करंडक, सोन्याची फुले, आठ कांस्यमूर्ती आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे सापडले. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनी सोपाऱ्यातच हुडकून काढला. एकाच माणसाने जवळपास एकाच वेळी बुद्धाचे अवशेष आणि कामशास्त्राची संहिता अशा दोन्ही गोष्टी मातीतून व धुळीतून वर काढाव्यात, आणि पहिल्या कामाबद्दल त्याचे नाव विद्वत्पत्रिकांत सन्मानाने छापले जावे, दुसऱ्यातून मात्र ते गाळले जावे, हे त्या काळाच्या मनोवृत्तीचे पुरेसे दर्शक आहे. पंडितजी स्वतः दोन्ही कामांना एकच मानत असावेत असे त्यांच्या कामाच्या काटेकोरपणावरून वाटते. पाठभेद तपासण्याची त्यांची शिस्त शिलालेखाला एक आणि कामसूत्राला दुसरी अशी नव्हती.

कामसूत्राचा उल्लेख इथे केवळ योगायोग म्हणून केलेला नाही. त्या ग्रंथाच्या ‘औपनिषदिक’ या सातव्या आणि शेवटच्या अधिकरणात ‘अपद्रव्य’ या नावाने कृत्रिम साधनांची चर्चा येते. ती सोने, रुपे, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग यांची करावीत असे एक मत वात्स्यायन नोंदवतो आणि लाकडाचीही चालतील अशी स्वतःची पुस्ती जोडतो. कंपनाचा त्यात संबंध नाही, तो यंत्रयुगाच्या आधी येणे शक्यही नव्हते. परंतु सुखासाठी साधन वापरण्याची कल्पना या देशात बाहेरून आली, हे म्हणणे त्या एका अधिकरणापुढे टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत वीज घरोघर पोचू लागली आणि दिव्याच्या जोडीला त्या विजेवर आणखी काय चालवता येईल, असा प्रश्न उत्पादकांपुढे उभा राहिला. शिवणयंत्र, पंखा, इस्त्री यांच्याबरोबर कंपनयंत्रही बाजारात आले. १९१८च्या सीअर्स कंपनीच्या सूचीपुस्तकात एक घरगुती मोटर व तिला जोडण्याची अनेक उपकरणे दाखवलेली आहेत. तीच मोटर शिवणयंत्राला लावावी, तिच्यावर अंडी फेटावीत, भांडी चमकवावीत, पंखा फिरवावा आणि तिलाच कंपनयंत्र जोडून अंग चोळून घ्यावे. जाहिरातींत डोकेदुखी, सुरकुत्या, बहिरेपणा, अशक्तपणा अशा सगळ्या व्याधींवर ते गुणकारी असल्याचे सांगितले जाई, चित्रांत स्त्रियांबरोबर पुरुष व मुलेही असत, आणि यंत्र मानेला, गालाला किंवा पाठीला लावलेले दिसे. घेणाऱ्यांपैकी काहींनी ते अन्यत्रही लावून पाहिले असणार, हे मानवी स्वभाव पाहता उघड आहे, पण विक्रेत्याने ते कधी म्हणायचे नाही आणि ग्राहकाने विचारायचे नाही, असा अलिखित करार होता. १९१५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने हा सगळा धंदा म्हणजे भ्रम व सापळा असल्याचा निर्वाळा दिला. १९०२ साली हॅमिल्टन बीच कंपनीने पहिले घरगुती कंपनयंत्र काढले असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ती कंपनी १९१० साली स्थापन झालेली असल्यामुळे हे विधान इतक्या वेळा उतरवले जाण्याआधी एकदा तरी तपासले जायला हवे होते.

न तपासता उतरवण्याचे याहून मोठे उदाहरण म्हणजे या यंत्राच्या जन्माची सर्वाधिक प्रसिद्ध कथा. १९९९ साली अमेरिकी इतिहासकार रेचल मेन्स यांचे एक पुस्तक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. त्यातील प्रतिपादन असे, की प्राचीन ग्रीसपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डॉक्टर ‘हिस्टेरिया’ झालेल्या स्त्रियांच्या गुप्तांगाचे मर्दन करून त्यांना एक प्रकारचा झटका, म्हणजे वस्तुतः कामतृप्ती, आणून देत असत. ती कामतृप्ती आहे हे डॉक्टरांच्या गावीही नव्हते. आणि या कंटाळवाण्या कामातून त्यांचे हात मोकळे व्हावेत म्हणून विजेचे कंपनयंत्र शोधले गेले. हिस्टेरिया या नावाखाली एकेकाळी स्त्रीची मूर्च्छा, अस्वस्थता, निद्रानाश, रडू येणे, राग येणे असे काहीही घातले जाई आणि तिचे मूळ गर्भाशयात आहे असे मानले जाई. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीतून हे निदान १९८० साली वगळले गेले. मेन्स यांची कथा विलक्षण लोकप्रिय झाली. तिच्यावर २००९ साली सॅरा रूल यांचे नाटक आले, २०११ साली ‘हिस्टेरिया’ हा चित्रपट आला आणि त्यात ग्रॅनव्हिल यांनाच नायक करण्यात आले, ज्यांनी स्त्रियांवर हे यंत्र न वापरण्याचा आपला निश्चय छापून ठेवला होता.

तपासणीत मात्र ही कथा टिकली नाही. आधी इतिहासकार हेलन किंग यांनी ग्रीक व लॅटिन आधार तपासून ते मेन्स यांना अभिप्रेत असलेला अर्थ देत नाहीत असे दाखवले. २०१८ साली संशोधक हॅली लीबरमन आणि एरिक शाट्झबर्ग यांनी मेन्स यांच्या पुस्तकातील संदर्भ एकेक करून मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा डॉक्टरांनी यंत्राने किंवा हाताने अशी तृप्ती उपचार म्हणून नित्य दिल्याचा पुरावा त्यांना कुठेही आढळला नाही. आपण एक गृहीतक मांडले होते, असे मेन्स यांनीही नंतर सांगितले. तथापि एकोणीस वर्षे ती कथा विद्यापीठांत शिकवली गेली होती आणि मराठीसह अनेक भाषांतील लेखांत ती आजही उतरवली जाते. ती इतकी का आवडली, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. तिच्यात स्त्री निष्क्रिय राहते, डॉक्टर भोळा राहतो, यंत्र चुकून शोधले जाते आणि त्या सुखाची जबाबदारी कोणावरच पडत नाही. वाचकाला स्त्रीच्या कामसुखाविषयी वाचता येते आणि तरीही कोणी स्त्रीने ते जाणूनबुजून मिळवले, हे मान्य करावे लागत नाही. खरा इतिहास याहून साधा आहे: यंत्र वेदनेसाठी बनले, भोंदू औषधाप्रमाणे विकले गेले, आणि वापरणाऱ्या स्त्रियांनी त्याचा आणखी एक उपयोग स्वतःच्या बुद्धीने शोधला. शोधाचे ते श्रेय डॉक्टरांकडून काढून या अनाम स्त्रियांना देणे अधिक न्याय्य आहे.

उघड बोलण्याचा काळ १९७०च्या दशकात आला. हिताची या जपानी कंपनीने १९६८च्या सुमारास पाठ-खांदे चोळण्यासाठी ‘मॅजिक वाँड’ नावाचे यंत्र अमेरिकेत विकायला आणले होते. त्याच्या दोन गती, मिनिटाला ५,००० व ६,००० कंपने. न्यूयॉर्कमध्ये बेटी डॉडसन यांनी आपल्या स्त्रियांसाठीच्या कार्यशाळांत ते कशासाठी वापरता येते हे स्पष्ट शब्दांत शिकवले, १९७४ साली डेल विल्यम्स यांनी तिथेच, तर १९७७ साली जोनी ब्लँक यांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्त्रियांना अवघडल्यासारखे वाटणार नाही अशी दुकाने उघडली. यंत्र लाखो घरांत पोचले तरी हिताची ते अखेरपर्यंत अंग चोळण्याचे साधनच म्हणत राहिली, आणि २०१३ साली तिने त्यावरून आपले नावच काढून घेतले.

महाराष्ट्रात या विषयावर स्पष्ट शब्दांत बोलण्याची सुरुवात अमेरिकेतील या दुकानांच्या पन्नास वर्षे आधी झाली होती, आणि ती एका गणिताच्या प्राध्यापकाने केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. पॅरिसमध्ये गणिताचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९२१ साली, म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजमधील नोकरी या कामापायी गेली, पण पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू झाले आणि ते १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन होईपर्यंत चालले. स्त्रीलाही कामेच्छा असते, तिची तृप्ती हा तिचा हक्क आहे आणि तो संततीशी बांधलेला नाही, हे विधान त्यांनी त्या मासिकातून सव्वीस वर्षे, कसलाही आडपडदा न ठेवता मांडले. कंपनयंत्र हा कर्वे यांचा विषय नव्हता. ज्या मूलभूत प्रश्नावर त्या यंत्राचे भवितव्य अवलंबून असते, म्हणजे सुखाविषयीचे ज्ञान अश्लील मानायचे की नाही, तो प्रश्न मात्र त्यांच्याइतक्या चिकाटीने या भाषेत दुसऱ्या कोणी लढवला नाही.

त्याची किंमत त्यांनी न्यायालयात मोजली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयी लोकांनी पत्रे लिहून शंका विचारल्या होत्या आणि कर्वे यांनी त्या शास्त्रीय माहिती देऊन फेडल्या होत्या. या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरवता येणार नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा आक्षेप आला तेव्हा, ती विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल आणि प्रश्न विचारला गेला असेल तर उत्तर देणे हे लेखकाचे काम आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. कर्वे खटला हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. ज्यांच्या खांद्यावर त्या वेळी एका मोठ्या समाजाच्या मुक्तीचे काम होते, त्या बाबासाहेबांनी एका अप्रिय माणसाच्या अप्रिय मासिकासाठी उभे राहावे, याचे मोल दंडाच्या रकमेने कमी होत नाही.

स्वतंत्र भारताचा कायदा या बाबतीत फारसा बदलला नाही. १८ जानेवारी १९६४ रोजी सीमाशुल्क कायद्याखाली काढलेल्या पहिल्या क्रमांकाच्या अधिसूचनेने अश्लील पुस्तके, चित्रे, मूर्ती ‘किंवा अन्य वस्तू’ आयात करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची १८६८ची इंग्रजी कसोटी ग्राह्य धरली. ज्या मनांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो अशा कोणाच्याही हाती वस्तू पडली तर काय होईल, यावरून तिची परीक्षा करणारी ही कसोटी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेच बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाच्या मापाने संपूर्ण कृती पाहावी असे ठरवले. अधिसूचना मात्र तशीच राहिली. भारतीय दंडसंहितेचे अश्लीलतेविषयीचे कलम २९२ हे २०२४च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून आले.

‘किंवा अन्य वस्तू’ या तीन शब्दांत काय काय बसते, हा प्रश्न न्हावा शेवा बंदरात आलेल्या अंग चोळण्याच्या यंत्रांच्या मालामुळे उभा राहिला. ही यंत्रे कामसुखासाठी वापरली जाऊ शकतात, म्हणून ती अश्लील आणि म्हणून निषिद्ध, असा निष्कर्ष काढून सीमाशुल्क आयुक्तांनी तो माल जप्त केला. अपिलीय न्यायाधिकरणाने जप्ती रद्द केली, विभाग उच्च न्यायालयात गेला, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व न्यायमूर्ती किशोर संत यांच्या खंडपीठाने विभागाचे अपील फेटाळले. अशी यंत्रे देशातील बाजारात उघडपणे विकली जातात, १९६४च्या अधिसूचनेत ती बसत नाहीत आणि त्यांचा अन्य उपयोग होऊ शकेल हा आयुक्तांच्या कल्पनेचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच न्यायालयाने फ्रान्सिस न्यूटन सोझा आणि अकबर पदमसी यांची, नग्नतेमुळे सीमाशुल्क विभागाने अडवलेली चित्रे सोडण्याचा आदेश दिला. नग्न ते सगळे अश्लील नव्हे, हे त्यात पुन्हा सांगावे लागले. दरम्यान गोव्यात कळंगुट येथे २०२१ साली उघडपणे कामसाधने विकणारे दुकान निघाले होते, ते परवान्याच्या वादात महिनाभरात बंद झाले.

न्हावा शेवाच्या निकालाचे स्वागत अनेकांनी ‘आता मोकळीक मिळाली’ अशा शब्दांत केले, परंतु निकाल काळजीपूर्वक वाचला तर तो तेवढे म्हणत नाही. अंग चोळण्याचे यंत्र हे कामसुखाचे साधन आहे असे आयुक्तांनी गृहीत धरणे चुकीचे होते, एवढेच तो सांगतो. प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या सुखासाठी बनवलेले साधन त्याच नावाने मागवले असते तर काय, हा प्रश्न त्या प्रकरणात न्यायालयापुढे नव्हता. विरारच्या एखाद्या इमारतीत आज पार्सल येते तेव्हा त्याच्यावर ‘बॉडी मसाजर’ असेच छापलेले असते, १९१८च्या सूचीपुस्तकात दाखवलेला मार्ग अजून तोच आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात मांडलेला मुद्दा, लैंगिक म्हणून एखादी गोष्ट आपोआप अश्लील ठरते काय, या यंत्राच्या बाबतीत महाराष्ट्रात अजून कोणी त्याच्या खऱ्या नावानिशी सुनावणीला आणलेला नाही.